खिळ्याची दुसरी कूस

चावा तसा फार मोठा नव्हता. उजव्या अंगठ्याखालच्या मांसल भागात दोन लाल ठिपके, आणि त्यांतल्या एकातून सावकाश वर येणारं रक्त. तिनं हात नळाखाली धरला आणि पाण्याचा रंग बदलताना बघत उभी राहिली. दुखत होतंच, पण त्याहून जास्त नवल वाटत होतं. नवरा गेल्यापासून तिला कुणी काही केलंच नव्हतं. माणसं तिच्याशी हळू बोलत, तिच्या मागे दार हळू लावत, रफूत चुकीचा धागा गेला तरी दुकानाचे मालक "असू दे, असू दे" म्हणत. वर्ष होत आलं, सगळं जग तिच्याभोवती चवड्यांवर चालत होतं. आणि ह्या गुडघ्यालाही न पुरणाऱ्या कुत्र्यानं आज कसलीही भीडभाड न ठेवता तिचा चावा घेतला होता. तो न्हाणीघराच्या कोपऱ्यात उभा होता. अंगावर साबणाचा फेस, पाठीवरचे लांब वाढलेले केस ओले होऊन दोन्हीकडं लोंबणारे, आणि चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नाही. शेपूट वरही नाही आणि खालीही नाही. जे व्हायचं ते झालं, आता पुढचं बोला, असा त्याचा एकंदर आविर्भाव होता.

स्वयंपाकघरातून नणंद हातातला कप तसाच घेऊन धावत आली. थोरली नणंद, दर आठवड्याला वडिलांना बघायला येणारी, आणि आली की आधी घराचा वास घेणारी.

"चावलं ना शेवटी? मी म्हणत नव्हते?"

"त्याला लागलं, वन्सं. मीच जोरात ओढलं."

"रक्त येतंय आणि वर त्याचीच बाजू घे. उद्या बाबांना चावलं म्हणजे? त्यांच्या वयाला असली जखम भरून येते का? आणि अंगाकडं बघ त्याच्या. चट्टे पडलेत. खरूजच असणार ती."

"खरूज नाही. केस वाढलेत."

"मी पाणीखात्यातल्या स्टोअरकीपरशी बोलून ठेवलंय," नणंद म्हणाली. "रविवारी येऊन घेऊन जाईल. मूळ त्याच्याकडचंच ना ते? यार्डात उंदरांनी उच्छाद मांडलाय म्हणे. त्याला हवंच आहे."

बोलून ठेवलंय. तिच्या आयुष्यात बहुतेक गोष्टी अशाच बोलून ठेवलेल्या आल्या होत्या. तिची शाळा, तिचं लग्न, ह्या घराच्या भिंतींचा हा पिवळट रंगसुद्धा. तिला त्याचं फार दुःख होतं असंही नाही. कुणीतरी बोलून ठेवतं आणि आपण तिथं जाऊन राहतो, ह्याची माणसाला सवय होते, आणि तसं राहूनही सुख मिळतंच, तिलाही मिळालं होतं. पण आज हात ठणकत होता. घशाशी एक 'नाही' आलं, नेहमीसारखं ते खाली गेलं, पण पूर्ण गेलं नाही, कुठंतरी अडकून राहिलं.

"रविवारपर्यंत मी त्याचे केस काढते," ती म्हणाली. "असा लक्तरं लोंबणारा कसा पाठवायचा?"

नणंदेला ते पटलं. तिनं जखमेवर औषध लावलं आणि पट्टी बांधली. बाहेरच्या खोलीत सासरे खिडकीकडं तोंड करून बसले होते. त्यांचा डावा कान गेलेला, आणि आजकाल ते तो कानच घराकडं करून बसत. मुलगा गेल्यापासून त्यांचं बोलणं चहा, औषध आणि पंखा एवढ्यावर आलं होतं. नणंद गेल्यावर ती पंचा घेऊन कुत्र्याला, खिळ्याला, पुसायला बसली. त्यानं पुसू दिलं. पुसताना तिच्या लक्षात आलं की आपलं ठरलंय. कुत्रा जाणार नाही. हे कुणी सांगितलं, कुणाला विचारलं, काही नाही, आतल्या आत ठरून गेलं होतं, आणि आता फक्त ते करून दाखवायचं होतं. ह्या गोष्टीची तिला थोडी भीतीच वाटली.

खिळा हे नाव नवऱ्यानं ठेवलेलं. नवरा पाणीपुरवठ्यात गळती शोधायचा. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली पाणी कुठं फुटलंय ते सांगायचं, ह्याचा त्याला पगार होता. "लोक भिंतीला कान लावतात, माझा नवरा रस्त्याला लावतो," असं ती म्हणायची, आणि तो हसायचा. त्यांच्या खात्याच्या यार्डात मोठमोठे पाइप रचलेले असत आणि त्या पाइपांतल्या उंदरांसाठी स्टोअरकीपरनं ही टेरियर जात पाळली होती. आखूड पाय, रुंद कपाळ, अंगावर काथ्यासारखे राठ केस आणि त्यांच्या खाली कापसासारखी मऊ लव. एका संध्याकाळी नवरा कोटाच्या खिशात हे पिल्लू घालून आला. जेवणाच्या टेबलावर त्याला उभं करून त्यानं पुढच्या पायांमागं दोन्ही हातांची बोटं लपेटली आणि म्हणाला, "बघ, छाती दोन पंजांत मावली पाहिजे. मावली तर बिळात शिरेल, आणि शिरला तर वळून बाहेरही येईल. कातडं कसं सैल आहे बघ. आणि शेपटीचं मूळ केवढं जाड. अडकला तर इथं धरून ओढायचं." ती म्हणाली, "टेबलावरून खाली घे आधी." पिल्लानं तेवढ्यात टेबलाच्या फटीत दात रोवले होते आणि ते काही केल्या निघत नव्हते. तिथं त्याचा खिळा झाला.

तो ऐकत नाही, ही तिची पहिल्यापासूनची तक्रार. हाक मारली की कान हलवायचा, ऐकल्याची पोच द्यायचा, आणि आपलं हातातलं काम पुरं करून मग यायचा, तेही वाटलं तर. नवऱ्याचं त्यावर एक तत्त्वज्ञान होतं. "बिळात मालक नसतो," तो म्हणायचा. "काळोखात समोर दात विचकून काहीतरी बसलेलं असतं, आणि पुढं जायचं की मागं फिरायचं हे ह्याचं ह्यालाच ठरवावं लागतं. हुकमाची वाट बघणारं कुत्रं तिथं मरतं. म्हणून त्याला हुकूम द्यायचा नाही. विचारायचं." ती म्हणायची, "मला कधी विचारलंस असं?" तो म्हणायचा, "तू कुठं चावतेस?" तेव्हा हा विनोद होता. आज हाताला पट्टी बांधून, ओल्या कुत्र्याशेजारी जमिनीवर बसल्यावर तिला तो विनोद पुन्हा आठवला, आणि पहिल्यांदाच त्यातलं काहीतरी बोचलं.

केसांचंही त्याचं असंच होतं. ह्या जातीला मशीन लावायचं नाही, कात्री लावायची नाही. वरचा राठ केस वाढतो, पिकतो, मरतो आणि तिथंच उभा राहतो. तो चिमटीनं उपटून काढायचा, म्हणजे खालून नवा राठ केस येतो. कापला तर मेलेलं मूळ आत राहतं आणि वर येतो तो नुसता कापूस, रंग उडालेला, पावसात भिजणारा, चिखल धरून ठेवणारा. आणि काढलाच नाही तर अंग खाजतं, कुत्रं स्वतःलाच चावत सुटतं, चट्टे पडतात. हे सगळं तिला माहीत होतं, म्हणजे वर्षातून दोनदा ऐकलं होतं. नवरा मागच्या गॅलरीत खाली बसायचा, खिळा त्याच्या मांडीवर आडवा व्हायचा, आणि दोघं दुपारभर तिथं असायचे. मधेच खिळा आपणहून उठायचा, अंग झाडायचा, आणि दुसऱ्या कुशीवर पडून, राहिलेली बाजू वर करायचा. ती त्या वेळात काय करत असे? आज तिनं आठवून पाहिलं. घर शांत मिळालं म्हणून ती आत पाय लांब करून पडत असे. कधी झोप लागे. नवऱ्याचे हात तिनं नीट बघितलेच नव्हते. आपल्याला वाटतं माणूस आपल्यासमोर आहे म्हणजे आपण त्याला बघतोय, आणि मग एक दिवस कुत्र्याचे केस कसे उपटायचे एवढंही सांगता येत नाही. ह्या विचारानं तिला असं काही अपराधी वाटलं नाही, राग आला. स्वतःचा थोडा, त्याचा जास्त. सगळं येत होतं तर शिकवून जायला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी दुकानात ती ओव्हरकोट घेऊन बसली. कपडे धुण्याचं आणि रफूचं दुकान, पुढं काउंटर, मागं बॉयलर, आणि मधल्या पट्टीत खिडकीजवळ तिची खुर्ची. ओव्हरकोटाच्या खिशाशी उंदरानं भोक पाडलं होतं. कुणाच्या तरी खिशात बिस्किटाचा चुरा राहिला असणार. मालक मागून बडबडत होते, "पिंजरा लावला, औषध टाकलं, ते मेले लठ्ठ होत चाललेत. गिऱ्हाईकाला काय सांगू, आमच्याकडं धुवायला द्या, भोक फुकट?" मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कुणाशी बोलतोय, आणि ते आवाज खाली आणून म्हणाले, "हात दुखत असेल तर राहू दे हं आज."

"नाही दुखत," ती म्हणाली. दुखत होता. शिवणीच्या आतल्या बाजूनं तिनं एक धागा उचलला आणि ओढला. रफूचा धागा बाहेरून आणायचा नसतो, त्याच कपड्याच्या पोटातून काढायचा असतो, जिथं तो कुणाला दिसत नाही तिथून. कुठला धागा सुटेल आणि कुठला कापडच घेऊन येईल, हे बोटांना आधी कळतं. सुटणारा धागा ओढायच्या आधीच जरासा सैल लागतो. ती हे वर्षानुवर्षं करत होती आणि त्याचा विचार कधी करत नव्हती. आज केला. काल तिनं आंघोळ घालून मग केस ओढले होते, कारण तिच्या धंद्यात घाणेरड्या कपड्याला सुई लावत नाहीत, आधी धुवायचं, वाळवायचं, मग दुरुस्ती. कुत्र्यालाही तिनं तोच नियम लावला. ओला, साबणानं गुळगुळीत झालेला केस चिमटीतून निसटत होता, म्हणून तिनं मूठभर धरून ओढला, मेलेल्याबरोबर जिवंतही. चावला तर काय चुकलं त्याचं? तिनं भोकाच्या कडेनं खूण करायला खडू घ्यायचा म्हणून डब्यात हात घातला, आणि हात तिथंच राहिला.

खडू. शिंप्याचा पांढरा, चपटा खडू. घरच्या शिवणाच्या डब्यातले तिचे खडू नाहीसे व्हायचे. दरवर्षी, ठरावीक दिवसांत. त्यावरून भांडणं झाली होती, अगदी अबोला धरण्यापर्यंत. "माझे खडू कोण खातं ह्या घरात?" "कुत्रा," तो म्हणायचा, गंभीर चेहऱ्यानं. आणि त्याच दुपारी गॅलरीतून उठून आलेल्या त्याच्या विजारीवर, मांड्यांवर, गुडघ्यांवर पांढरी भुकटी असायची. ती ती विजार धुवायची. स्वतःच्या हातानं ती भुकटी झटकायची आणि म्हणायची, भिंतीला टेकलास वाटतं. पिवळट भिंतीला! केसाला पकड यावी म्हणून तो खडू चोळत होता. कोरड्या, मळलेल्या केसाला. बोटांनाही. इतकी वर्षं डोळ्यांसमोर पांढरंफटक पडलेलं होतं आणि तिला दिसलं नव्हतं. "चोर कुठला," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली असावी, कारण मालकांनी काउंटरवरून वळून पाहिलं. तिला हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले, आणि ओव्हरकोटावर पाणी पडू नये म्हणून तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं. वर्षभर लोक ज्याची वाट बघत होते ते रडणं असं, एका खडूच्या तुकड्यावरून, कामाच्या वेळात आलं. मालकांनी शहाणपणा केला आणि बॉयलर बघायला निघून गेले.

संध्याकाळी तिनं खिळ्याला मागच्या पडक्या जागेत नेलं आणि दोरी सोडली. एरवी ती सोडत नसे. त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, आणि मग एका झाडाच्या मुळांजवळ नाक खुपसून खणायला लागला. माती मागच्या पायांमधून उडत होती. थोड्या वेळानं त्याचं फक्त मागचं अर्धं दिसत होतं, आणि ते अर्धं अतिशय सुखात होतं. तिनं हाक मारली नाही. उभी राहिली. बऱ्याच वेळानं तो आपणहून बाहेर आला, नाकावर माती, काल धुतलेलं सगळं वाया गेलेलं. घरी आल्यावर तिनं त्याचे पंजे उघडून बघितले. हेही नवऱ्याचं वाक्य होतं: दुखलं तर हा सांगणार नाही, आपणच रोज बघायचं, पंजे, कान, दात. एकदा काच रुतलेल्या पायानं तो दिवसभर हिंडला होता आणि फरशीवरच्या डागांवरून कळलं होतं. ती हे वाचून दाखवावं तसं मनात म्हणत पंजे बघत होती, आणि बाहेरच्या खोलीतला सासऱ्यांचा खोकला ऐकत होती. त्या घरात न सांगणारे किती जण होते, हे तिला त्या क्षणी मोजावंसं वाटलं नाही.

गॅलरीत वर्षभर कुणी बसलं नव्हतं. कोपऱ्यात झाडू, रिकामे डबे, एक मोडकी खुर्ची. तिनं जागा केली, खाली बसली, खिळ्याला मांडीशी घेतलं आणि खांद्यामागच्या केसांवर खडू चोळला. तो ताठ झाला. घशातून एक बारीक घुरघुर सुरू झाली, दूरवर मोटार सुरू राहावी तशी. ती घाबरली, आणि आपण घाबरलोय हे तिनं स्वतःशी कबूल केलं. काल न्हाणीघरात अशा वेळी तिनं त्याला चुचकारलं होतं, राजा, सोन्या, शहाणं माझं, आणि त्या लाडिक आवाजात तिचीच भीती होती, ती त्यानं बरोबर ओळखली होती. आज ती काही बोलली नाही. एका हाताच्या बोटांनी कातडं मागं ताणून धरलं, दुसऱ्या हाताच्या चिमटीत चार-सहा केस पकडले, अगदी टोकाशी, आणि ज्या दिशेनं ते वाढले होते त्या दिशेनं ओढले. आले. धाग्यासारखे आले. कुठं अडकले नाहीत, कुठं ताण नाही. खिळ्याची घुरघुर चालूच होती, पण त्याचं कातडं हललंसुद्धा नाही. त्याला कळलंच नव्हतं. तिनं चिमटीतले ते केस उजेडात धरले. वर काळपट, मधे तांबूस, मुळाशी फिकट, आणि टोकाला काहीच नाही, रक्त नाही, ओल नाही. मेलेला केस इतका सहज निघतो, आणि त्याच्या शेजारचा जिवंत केस ओढला की चावा बसतो. आणि दिसायला दोन्ही सारखेच. बोटांनाच काय ते कळतं. तिनं पुन्हा चार घेतले.

काम चेंगट होतं. तळहाताएवढी जागा व्हायला तासभर जायचा. जखम ठणकायला लागली की ती थांबायची, खिळा उठून जायचा, पाणी प्यायचा, आणि यायचा नाही. मग ती नुसती बसून राहायची, हातात खडू. बोलावत नसे. काही वेळानं तो दारात येऊन उभा राहायचा, हिचं काय चाललंय ते बघायचा, आणि जणू दुसरं काही काम नाही म्हणून, येऊन पडायचा. मात्र पडायचा तो नेहमी त्याच कुशीवर. उजवी बाजू वर. तिनं त्याला उलटा करून पाहिला तर दात दिसले, उचलून ठेवला तर तो उठून परत उजवी बाजू वर करून निजला. डावी बाजू त्यानं कुणाच्या तरी नावानं राखून ठेवली होती. कुणाच्या, हे तिला विचारायची गरज नव्हती. तिचीही एक बाजू होती तशी, अंथरुणाची, तिथं ती अजून उशी सरकवत नव्हती. तेव्हा तिनं त्याच्याशी जबरदस्ती केली नाही. पण खडूही खाली ठेवला नाही.

शनिवारी ती गॅलरीत बसलेली असताना मागं चपला वाजल्या. सासरे दारात उभे होते. नोकरीच्या काळात ते दुकानादुकानांतून वजनं आणि तराजू तपासत हिंडायचे, आणि अजून कुठलीही गोष्ट बघताना ते डोकं एका बाजूला कलवून, ह्यात खोट कुठं आहे असं बघत. खिळ्याला ते कधी नावानं हाक मारत नसत, 'ते जनावर' म्हणत. ते बराच वेळ बघत राहिले. खिळा उजव्या अंगानं आता गडद, घट्ट, तुकतुकीत झाला होता आणि डाव्या अंगानं फाटक्या पायपुसण्यासारखा होता.

"काटा एकीकडं झुकलाय," ते म्हणाले.

"दुसरी बाजू देत नाही, बाबा."

त्यांनी मोडकी खुर्ची ओढली, आधी हातानं दाबून तिचा भरवसा करून घेतला, आणि बसले. मग वाकून त्यांनी खिळ्याच्या हनुवटीखाली हात दिला. खिळ्यानं डोकं त्या हातात टाकलं, आणि डोळे मिटले. ती आणखी चार केस काढायला वाकली, कारण त्यांच्या तोंडाकडं बघू नये असं तिला वाटलं. "तो असंच धरायला लावायचा मला," थोड्या वेळानं सासरे म्हणाले. "तू झोपलेली असायचीस." म्हणजे त्या दुपारी गॅलरीत तिघं असत. हेही तिला माहीत नव्हतं. आज त्याचा राग आला नाही. तिनं खडूचा तुकडा त्यांच्याकडं केला, त्यांनी तो बोटांना चोळला, आणि अंधार पडेपर्यंत दोघं शेजारी शेजारी काम करत राहिली.

रविवारी नणंद स्टोअरकीपरला घेऊनच आली. तो दांडगा, मिशीवाला, दारातून येताना उगाचच खाली वाकणारा माणूस होता. त्यानं गॅलरीत खिळ्याला बघितलं आणि कमरेवर हात ठेवून खो खो हसला. "वहिनी, हे काय? अर्धा नवा, अर्धा जुना?" मग गुडघ्यावर बसला, पुढच्या पायांमागं दोन्ही हातांची बोटं लपेटली, आणि त्याचं हसू गेलं. "मावतोय अजून," तो म्हणाला. "ह्याच्या आईचीच छाती. आणि हात चांगला चाललाय हो. कुणी शिकवलं?"

"शिकवलं नाही कुणी," ती म्हणाली. "हे बघा, तुम्हाला फेरी पडली. पण तो येणार नाही."

नणंदेनं तिच्याकडं असं पाहिलं, जणू कपाटानंच बोलायला सुरुवात केली होती. "अगं, आपलं ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं होतं, वन्सं. माझं नव्हतं." आवाज नीट निघाला. तिला वाटलं होतं तो कापेल.

स्टोअरकीपर उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता आणि त्याला खोटं बोलता येत नव्हतं, हीच अडचण होती. "वहिनी, राग मानू नका. कुत्रा तुमचाच. पण ही जात सोफ्यावर बसणारी नाही. त्याला काम लागतं. काम नसलं की ती स्वतःलाच खातात. ते चट्टे केसांचे आहेत, मान्य. पण निम्मेच."

हे तिलाही माहीत होतं. गेल्या चार दिवसांत जेव्हा जेव्हा तिला शंका आली ती हीच, की आपण कुत्रं ठेवतोय की नवऱ्याची आठवण ठेवतोय, आणि आठवणीला दोरी बांधून रोज दोनदा फिरवून आणणं हे त्या जनावरावर अन्याय तर नाही ना. त्या शंकेतून ती एकटीच सरपटत पुढं गेली होती, मागं फिरावंसं वाटलं होतं, फिरली नव्हती. "काम आहे," ती म्हणाली. "दुकानात उंदीर आहेत. बॉयलरमागं, कपड्यांच्या गाठोड्यांत. मालकांशी मी काल बोलले. उद्यापासून तो माझ्याबरोबर येतो."

"आणि उंदीर संपले की तुझ्या रफूचं काय?" नणंद म्हणाली. तिच्याही नकळत तिच्या तोंडून विनोद झाला होता, आणि स्टोअरकीपर परत हसायला लागला. नणंद हसली नाही. ती गॅलरीच्या उंबऱ्यावर खाली बसली. "ते दाराशी बसतं ना," ती म्हणाली, "त्याच्या यायच्या वेळेला. कान टवकारून. ते मला बघवत नाही गं. मी आले की ते उठतं, मला हुंगतं, आणि परत जाऊन बसतं. म्हणजे मी आले ते काही उपयोगाचं नाही." ती बोटं एकमेकांत अडकवून बसली होती, भावासारखीच लांब बोटं. वहिनीला तिच्याविषयी एकदम फार माया वाटली. चार दिवस ती नणंदेला आडवं येणारी समजत होती.

"मलाही नव्हतं बघवत," ती म्हणाली. "पण तो बसतोच, वन्सं. यार्डात गेला तर तिथल्या फाटकाशी बसेल. इथं निदान कशासाठी बसलाय ते आपल्याला माहीत आहे."

नणंदेनं डोळे पुसले आणि शेवटचा उपाय म्हणून वडिलांकडं वळली. "बाबा, तुम्ही सांगा हिला. तुमच्या घरात तुमचं काहीतरी ऐकलं जाईल."

सासरे मोडक्या खुर्चीवर बसले होते, चांगला कान सगळ्यांकडं करून. त्यांनी डोकं कलवून मुलीकडं बघितलं, स्टोअरकीपरकडं बघितलं, खिळ्याच्या डाव्या, झिपऱ्या बाजूकडं बघितलं. मग ते सुनेला म्हणाले, "खडू संपलाय."

ती आत गेली. शिवणाच्या डब्यातून तिनं कोरा खडू काढला, कागद फाडला, आणि परत येऊन त्याचे दोन तुकडे केले. एक सासऱ्यांच्या हातात दिला. मग क्षणभर थांबून, आपल्या वाटणीच्या तुकड्याचेही दोन करून एक नणंदेपुढं धरला. नणंदेनं तो घेतला आणि मुठीत धरून बसली, काय करायचं ते न कळल्यासारखी. स्टोअरकीपरनं टोपी घातली. "कानातले केस विसरू नका," तो म्हणाला, "तिथंच मळ साठतो," आणि दारातून वाकून निघून गेला. जिन्यात त्याचे बूट वाजत खाली गेले. खिळ्यानं ते शेवटपर्यंत ऐकले. आवाज थांबल्यावरही थोडा वेळ त्याचे कान दाराकडं होते. तिनं त्याला हाक मारली नाही, हातही लावला नाही, नुसती भिंतीला टेकून मांडी घालून बसली, बोटांना खडू चोळत. तो उठला. अंग झाडलं, तशी पांढरी भुकटी सगळ्यांच्या अंगावर उडाली. मग त्यानं जागच्या जागी एक गिरकी घेतली, तिच्या मांडीला पाठ लावली, आणि डावी बाजू वर करून आडवा झाला.